पुढं म्हणणारी

माझ्या नातीनं तो कागद माझ्यापुढं ठेवला तेव्हा मी शेंगा फोडत बसले होते. वर मराठीत आणि खाली इंग्रजीत एकच मजकूर होता: या कॅसेटमधला आवाज माझा आहे, आणि त्यावरून तयार केलेलं वाद्य जाहीर कार्यक्रमात वाजवायला माझी परवानगी आहे. त्याखाली सहीसाठी रेघ.

"सही कर, आज्जी. तुझा आवाज तुला न विचारता वापरायचा म्हणजे चोरीच की," ती म्हणाली.

चौतीस वर्षं मी बेळगावातल्या मराठी शाळेत शिकवलं. प्रगतिपुस्तकावर बापाची सही स्वतःच ठोकून आणणारी पोरं मी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायची. त्या दिवशी माझा चेहरा कसा झाला असेल, ते मला आरशाशिवाय कळत होतं. चष्मा सापडत नाही, नंतर वाचून करते, असं म्हणून मी वेळ मारून नेली. चष्मा नाकावर होता. नातीनं तो पाहिला, आणि आज्जीचं वय झालं असं समजून कागद फडताळावर ठेवला.

कॅसेटमधला आवाज माझा नव्हता. माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा होता. बेळगावच्या खासबागेतल्या आमच्या घरात ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हती.

आमचं माहेर निपाणीजवळचं. लग्नाच्या हळदीला, डोहाळजेवणाला बायका जमल्या की एकजण गाणं पुढं म्हणायची आणि बाकीच्या झील धरायच्या, म्हणजे तिची ओळ उचलून परत म्हणायच्या. आमच्या आळीत पुढं म्हणणारी ठरलेली, आक्का. मी झिलीत, आणि तीही मागच्या रांगेत, कारण माझा सूर एकदा उंच पळाला की चारजणींना बरोबर घेऊन जायचा. आक्काला कोगनोळीच्या अलीकडच्या एका गावात दिली. दाजींना यंत्रांचा लई नाद. त्यांनी टेपरेकॉर्डर आणला आणि दोन-तीन लगीनसराईंत बायकोच्या गाण्यांच्या अकरा कॅसेट भरल्या.

मग माझं लग्न होऊन मी बेळगावात आले. त्या नव्या नवरीबद्दल काय सांगू. आठ दिवसांत तिचं 'न्हाय'चं 'नाही' झालं आणि महिन्याभरात तिला गुऱ्हाळाचा वास सोसेना. माहेरी गेली की आक्काला शिकवायची, "लई म्हणू नये, खूप म्हणावं." आक्का म्हणायची, "खूप बरं, मास्तरीणबाई." तेव्हा मी मास्तरीण झालेसुद्धा नव्हते.

अशाच एका फेरीत मी त्या अकरा कॅसेट आठ दिवसांच्या बोलीवर बेळगावला आणल्या. घरात टेप लावली. माझ्या सासूबाई कधी कुणाला चांगलं म्हणायच्या नाहीत, पण त्या दिवशी हातातलं काम ठेवून बसल्या. "यातली तू कोण गं?" त्यांनी विचारलं.

"पुढं म्हणणारी."

दोन शब्द. एवढ्यावर ती नवी नवरी पंचेचाळीस वर्षं जगली.

जगली म्हणजे कशी, तेही सांगते. हळदीकुंकवाला कुणी गायला सांगितलं की तिला खोकला यायचा. चैत्रात गळ्याला मफलर गुंडाळून बसायची. पुढं पुढं खोकल्याचाही कंटाळा आला, तेव्हा तिनं नवीन युक्ती काढली: गाणं सोडलं, असं सांगायचं. संसारासाठी. हे सांगताना ती थोडं खिडकीबाहेर बघायची. शेजारणी चुकचुकायच्या. नसलेल्या गळ्याचा त्याग करून मिळवलेली ती हळहळ तिनं चवीनं खाल्ली. माझ्या मुलानं ती गोष्ट खरी धरली आणि आपल्या मुलीला सांगितली: "तुझी आज्जी रेडिओवर गेली असती."

ती मुलगी आता इथंच एका कंपनीत नोकरी करते आणि शनिवार-रविवार आवाजांशी खेळत बसते. तिच्या लॅपटॉपच्या पडद्यावर चौकोन असतात आणि एका चौकोनातून दुसऱ्यात जाणाऱ्या तारा. ते सिंथेसायझरचं सॉफ्टवेअर. एका चौकोनात साधी सपाट लहर तयार होते, दुसरा तिला जाड करतो, तिसरा घुमवतो. इथवर मला कळायचं. यंदा तिनं मधोमध एक नवा चौकोन बसवला आणि म्हणाली, "यात न्यूरल नेटवर्क आहे. तुझ्या ट्रंकेतल्या कॅसेटवर शिकवलेलं."

"शिकवलेलं म्हणजे? छडी कुणी मारली?"

ती हसली आणि तिनं समजावलं, आणि मला ते चटकन समजलं, कारण ते श्रुतलेखनच होतं. यंत्रानं आवाजाचा एक तुकडा ऐकायचा. तो मोजक्या आकड्यांत दाबून ठेवायचा. मग मूळ आवाज न बघता, त्या आकड्यांवरून तो परत उभा करायचा. मूळ आवाजाशी ताडून बघायचं, चुकलं तेवढं सुधारायचं, पुन्हा ऐकायचं. असं लाखो वेळा, चार दिवस. शेवटी ते एका गळ्यात इतकं मुरतं की त्याला दुसरं काही येतच नाही. मग बाहेरचा कुठलाही आवाज आत सोडा, ते त्याचे आकडे करतं आणि आपल्याला येत असलेल्या त्या एकाच गळ्यानं तो परत देतं.

"कुठलाही?"

"कुठलाही."

मी कुकर लावला. माइक स्वयंपाकघरात आणला. शिट्टी झाली आणि स्पीकरमधून तिशीतल्या आक्कानं ताना मारल्या. मी उलथनं आपटलं, आक्कानं हुंकार दिला. कुणीच काही केलं नाही तरी ते यंत्र हळू पुटपुटत राहायचं. नात म्हणाली, जुन्या टेपेत खरखर असते, तिलाही ते आवाजच समजलंय, गप्प बसणं त्याला शिकवलेलंच नाही. पडद्यावर आठ सरकपट्ट्या होत्या. एक ओढली की आवाज उघडायचा, दुसरी ओढली की घोगरा व्हायचा. बाकीच्या सहांचं विचारलं तर म्हणाली, "त्या काय करतात ते मलाही नीट कळलेलं नाही, आज्जी. त्यानं स्वतःच काहीतरी ठरवलंय."

हे सगळं मजेत चाललं होतं. पण कागद आल्यावर मजा संपली. सही करायची तर खोटी. नाही करायची तर कारण सांगायला हवं. तीन आठवड्यांवर टिळकवाडीत कार्यक्रम होता, आठ-दहाजण आपापली नवीन वाद्यं वाजवणार होते, आणि नातीचं सगळं त्या एका चौकोनावर अवलंबून होतं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली तेव्हा मी तिची खोली उघडली. लॅपटॉप कसा चालू करायचा ते बघून ठेवलं होतं. दार लावलं, माइक तोंडाशी धरला आणि हळदीचं गाणं म्हटलं. मनात काय होतं ते लपवत नाही: एवढी वर्षं सांगितलेलं एकदा खरं होऊन बघावं, असं वाटलं.

आवाज आक्काचाच आला. तोच गोडवा, शेवटाला तीच बारीक थरथर. पण सूर माझे होते. यंत्र गळा बदलतं, सूर बदलत नाही. दुसऱ्या ओळीला मी नेहमीसारखी उंच पळाले, आणि आक्काचा गळा माझ्यामागं फरफटत वर गेला. आक्का उभ्या जन्मात कधी बेसूर झाली नाही. तिचं नाव मी कधीच घेऊन टाकलं होतं. आता तिच्या गळ्यातून बेसूर गाणंही काढलं. मी माइक खाली ठेवला. ते यंत्र तिच्या आवाजात पुटपुटत राहिलं.

रविवारी मी नातीला म्हणाले, "गाडी काढ. आक्काकडं जाऊ. तुझी सही तिथं होईल." अकरा कॅसेट पिशवीत घेतल्या. वाटेत सांगायचं ठरवलं होतं. हत्तरगीला सांगू म्हटलं, मग संकेश्वरला, मग निपाणीच्या पुलावर. आक्काचं दार आलं तरी तोंड उघडलं नव्हतं.

आक्का आता अठ्ठ्याहत्तरची. गळा वयानं बसलाय, बोलते ते अर्धं वाऱ्यावर जातं. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, "आलीस व्हय, मास्तरीण. पोरगीला बी आणलीस. बरं केलंस." तिची सून चहा घेऊन आली. पंचवीस-सव्वीस वर्षं त्या घरात आहे, मोजकं बोलते. नातीनं चौरंगावर लॅपटॉप मांडला आणि तिलाच म्हणाली, "काकी, तुम्ही एक ओळ म्हणा ना. काय होतं ते दाखवते."

सुनेनं पदर नीट केला, सासूकडं एकदा बघितलं आणि एक ओळ म्हटली. स्पीकरमधून आक्का गायली.

आक्का तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात तसाच राहिला.

"कुणाचा आवाज हाय ह्यो?"

"आज्जीचा," नात म्हणाली. "तिच्या तरुणपणीचा."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, एखादं पोर पाढा कुठं अडखळतंय ते मी जशी बघायची, तसं.

"माझा नाही," मी म्हणाले. "आक्काचा आहे. मी घरात खोटं सांगितलं होतं."

"म्हणजे? तू कोण मग?" नातीनं विचारलं.

"झिलीतली. मागच्या रांगेतली."

"कधीपासून हे?"

"तुझा बाप जन्मायच्या आधीपासून."

नातीनं लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं, परत वर केलं. मला आक्काच्या शिव्या हव्या होत्या. त्या मिळाल्या असत्या तर हिशेब मिटला असता. आक्कानं सूप बाजूला सारलं.

"नावाचं सोड," ती म्हणाली. "चांगला हाय म्हणूनच आपला म्हणून सांगितलास न्हवं? वाईट आसता तर माझ्याच गळ्यात मारला आसतास. पर आठ दिसांत देते म्हणून नेलत्यास टेपा. ह्यांनी दोनदा निरोप धाडला. तू काय सांगितलंतंस?"

"खराब झाल्या म्हणून."

"आन् मी खरं धरलं. त्यास्नी बी लई वाईट वाटलं." मग म्हणाली, "मला लोक म्हणायची, ग्वाड हाय, ग्वाड हाय. गाणारीला काय कळतंय गं? आतनं कसलाबी ऐकू येतोय. टेपेवर दोनदा काय ते ऐकला आसंल. त्येच्यानंतर आजच ऐकत्या."

पंचेचाळीस वर्षं मी समजत होते की मी आक्काचं कौतुक चोरलं. कौतुक तिला गावात पोत्यानं मिळत होतं. मी नेलं होतं ते दुसरंच, आणि ते काय आहे याचा मी कधी विचारही केला नव्हता.

"ते मशीन ऱ्हाऊ दे," आक्का नातीला म्हणाली. "टेप लाव आधी. जशी हाय तशी."

नातीनं मूळ रेकॉर्डिंग लावलं. आक्का डोळे मिटून बसली नाही की काही नाही, सरळ स्पीकरकडं बघत बसली, कुणी समोर बसून गातंय असं. झील सुरू झाली तशी ती बोलू लागली. ही जाड आवाजाची गिरणीवाली. ही खोकती ती धाकटी जाऊ, गेली बिचारी. ही पैंजण वाजवत मधीच उठून गेली, तिचं पोर रडत व्हतं.

"आन् ही कोण गं, उंच पळत्या ती?"

"मी."

"व्हय, तूच."

सून तोंडाला पदर लावून हसत आत गेली.

पहिली बाजू संपली तेव्हा आक्कानं विचारलं, "मशिनीनं ह्ये समदं शिकलंय?"

"नाही, आक्काआज्जी. तुम्ही एकट्या म्हणता तेवढंच घेतलं. बाकीच्यांचे आवाज कापून काढले. नाहीतर त्याचा गोंधळ होतो."

"काढलास? मग गाणं कुठं ऱ्हायलं?"

नातीनं पडद्यावरच्या त्या चौकोनाकडं बोट केलं. आक्का म्हणाली, "त्या ओळ उचलायच्या म्हणून मला दम खायला मिळायचा. त्यांच्या जिवावर तर मी पुढची ओळ आठवायची. तुझ्या ह्या बयेला दमच लागंना झालाय. कुठं थांबायचं ते ठावंच न्हाय तिला. गळा माझा हाय, कबूल. गाणं माझं न्हाय."

नातीनं तो कागद काढला, माझं नाव खोडलं आणि आक्काचं लिहिलं.  आक्कानं कागद घेतला, लांब धरून वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"आज न्हाय."

"कार्यक्रम तीन आठवड्यांवर आहे, आक्काआज्जी."

"आसू दे. माझ्या नातवाची हळद दिवाळीनंतर हाय. तवा ये. जमतील त्या समद्यास्नी इचारून भर. नको म्हणंल तिला सोड. मग माझी सही घे."

"मग हे आत्ताचं पुसून टाकू?"

आक्कानं विचार केला. "पुसू नको. झाकून ठेव."

मी कॅसेटची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं मोजल्या नाहीत.

परत येताना नातीनं संकेश्वरपर्यंत गियर आपटत गाडी चालवली. तिचा राग मला दिसत होता, आणि तो कार्यक्रम गेला म्हणून नव्हता. लहानपणापासून ती वर्गात सांगत आली होती, माझी आज्जी गायची. संकेश्वर मागं पडल्यावर तिनं विचारलं, "तुझा खरा आवाज कसला आहे गं?"

"हा. ऐकतेस तो."

तिनं पुढचा ट्रक मागं टाकला. "चालेल," म्हणाली.

मग पाच दिवस मी तिच्या खोलीत माइकसमोर बसले. खिडक्यांना गाद्या लावल्या, पण पलीकडच्या गल्लीतल्या विणकरांच्या मागांची खटखट गादीला काय ऐकते. रोज संध्याकाळी दोन-दोन तास. काय बोलू, विचारलं तर म्हणाली, जे तोंडात बसलंय ते. मी पाढे म्हटले, सत्ताविसापर्यंत. हजेरी घेतली. उशिरा येणाऱ्याला, शाई सांडणाऱ्याला, शेजारच्याची पट्टी पळवणाऱ्याला बोलले. माझी सून सांगते की बाहेर दूधवाला दारात ताठ उभा राहिला होता. शेवटच्या दिवशी हळदीची दोन गाणी म्हटली, जशी येतात तशी, उंच पळून.

यंत्र चार दिवस शिकलं. मग नातीनं त्यात सिंथेसायझरची साधी सपाट लहर सोडली, काही अर्थ नसलेली, नुसती हूं करणारी. बाहेर येताना ती कुणाला तरी रागवत होती. पक्ष्याची शीळ सोडली, ती हजेरी घेऊ लागली. आणि मधे शांत झालं की आतून बारीक खटखट यायची. मागसुद्धा ते माझ्या गळ्याबरोबर शिकून बसलं होतं. नात म्हणाली, हे काढता येईल. मी म्हटलं, "काढू नको. खासबागेत बसून मी बोलले ते कळू दे."

नव्या कागदावर सही केली. आधी दोनदा वाचला.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. आक्का आली, मुलगा आणि सून घेऊन. नातीनं सुरुवातीलाच सांगितलं, "हा माझ्या आज्जीचा आवाज." पहिल्यांदा लोक हसले, कारण नातीनं आत बासरीचा सूर सोडला आणि स्पीकरमधून एक मास्तरीण झापू लागली. मग तिनं त्या न उलगडलेल्या सहांपैकी एक सरकपट्टी हळूहळू ओढली. आवाज पातळ झाला, शब्दांसारखं जे काही होतं ते विरलं, आणि जे उरलं ते मी कधी कुणासमोर काढलं नव्हतं. वर्ग सुटल्यावर रिकाम्या बाकांकडं बघत फळा पुसताना मी एकटीच काहीतरी गुणगुणायची, तसलं काहीतरी. ते मी त्या पाच दिवसांत म्हटलेलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. पाढ्यांच्या तळाशी ते कुठं होतं, ते त्या यंत्रालाच ठाऊक. सभागृहात कुणी हसलं नाही.

"व्हय," आक्का माझ्या कानाशी म्हणाली. "ही तू. कुणी बी वळखंल."

दुपारी मी त्यांच्याच गाडीतून कोगनोळीकडं निघाले, चार दिवस राहायला. आक्काचा मुलगा गाडी चालवत होता, सून पुढं त्याच्या शेजारी, आम्ही दोघी मागं. आक्का डोळे मिटून होती, मला वाटलं झोपली. काकतीच्या पुढं ती म्हणाली, "मास्तरीण, हळदीला तुझी नात येईल तवा तिला सांग. माझ्या एकटीचं नको. माझ्या सुनंचं बी भर म्हणावं. त्या दिवशी मशिनीत ओळ म्हटली तवा मशिनीच्या आधी मी तिचा आवाज ऐकला. चांगला हाय. पंचवीस वर्सं घरात हाय, मी कधी पुढं म्हण म्हटलं न्हाय तिला."

पुढं बसलेली सून वळली नाही. तिनं खिडकीची काच वर घेतली. गाडीत एकदम शांत झालं.

"ऐकलंस न्हवं गं?" आक्कानं विचारलं.

"ऐकलं, आत्याबाई," ती म्हणाली. "परत म्हणा."